रस्त्यावरचा माणूस आणि आपला कॅमेरा



गणेशोत्सवाच्या दिवशी शाळेच्या कॅफेटेरियात फोटोंचं प्रदर्शन भरवायचं, असं यंदा कार्यकारिणीनं ठरवलं. विषय दिला 'प्रवास'. तुम्ही भरभरून प्रतिसाद दिलात, शंभरावर फोटो आले. ते निवडायला जे तिघे बसले त्यांत मी एक. एका फोटोवरून बाकी दोघांचं आणि माझं चांगलंच वाजलं. तो वाद आमच्या डायनिंग टेबलावरून फोनवर गेला, फोनवरून पॉटलकच्या रांगेत गेला, आणि आता तर मराठी शाळेच्या पार्किंग लॉटमध्येही मला अडवून विचारतात, "काय हो, तुम्ही म्हणे त्यांचा फोटो नाकारलात?" कानोकानी पसरलेली हकिगत अर्धवट आहे, म्हणून माझी बाजू इथे मांडते. हे मत मंडळाचं नाही, माझं एकटीचं आहे. संपादकांना ते पटलेलं नाही, तरी त्यांनी जागा दिली याबद्दल त्यांचे आभार.

आधी आलेल्या फोटोंविषयी थोडं. नायगारा, ग्रँड कॅन्यन, गोल्डन गेट, आयफेल टॉवर, पिसाचा मनोरा. मागची इमारत बदलते, अंगातलं जॅकेट बदलतं, पुढे उभी असलेली चार माणसं मात्र तीच. यात हसण्यासारखं काही नाही, कारण आपल्याकडचा फोटो हे मुळात पत्र असतं. साताऱ्याला किंवा अकोल्याला आईबाबांना बघायची असतात आपली तोंडं. पोरं बारीक झाली का, सुनेनं केस कापले का, हे त्यांना त्यातून कळतं. पूर्वी प्रिंटच्या मागे तारीख घालून पोस्टानं पाठवायचो, आता व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, पण मजकूर तोच: आम्ही सुखरूप आहोत, काळजी नसावी. माझ्या घरातही असे फोटो ढिगानं आहेत.

पण सात देश फिरून आलेल्या माणसाच्या फोटोत त्या सात देशांतला एकही माणूस नाही, याचं मला नवल वाटतं. पॅरिसला गेलेल्या चार कुटुंबांचे फोटो आले, चौघांनीही टॉवर चिमटीत धरलाय. ही चारही कुटुंबं दुपारी दीड वाजता शाकाहारी जेवण शोधत गार द्यू नॉर स्टेशनच्या मागे ला शापेलच्या रस्त्यांवर फिरत होती, हे मला पक्कं ठाऊक आहे. कारण परत आल्यावर त्यांनी रंगवून सांगितलं ते तेच. श्रीलंकेहून आलेल्या तमिळ लोकांची दुकानं, दारात मांडलेली कच्ची केळी आणि कढीपत्ता, धडाधड फ्रेंच बोलणारा वाढपी, आणि अखेर पानात पडलेला डोसा. सांगताना डोळे चमकत होते, पण त्या रस्त्याचा फोटो एकाकडेही नाही. का नाही काढला, विचारलं तर उत्तर आलं, "त्यात काय काढायचं?"

अनोळखी शहरात पाहण्यासारखं जे काही असतं त्यातलं निम्मं रस्त्यावर असतं, आणि ते कुठल्याही गाइडबुकात सापडत नाही. इमारतीचा फोटो तुमच्यापेक्षा चांगला पोस्टकार्डवर मिळतो. त्या दिवशी, त्या कोपऱ्यावर, पावसात छत्री दुरुस्त करत बसलेला म्हातारा मात्र तुम्ही नाही टिपला तर कोणीही टिपणार नाही.

फिलाडेल्फियातला १८८५ सालचा तो फोटो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. स्टुडिओत बसलेल्या तीन विद्यार्थिनी, आपापल्या देशाच्या पोशाखात: आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली. तिघी विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकत होत्या. त्या फोटोत आनंदीबाईंचा चेहरा आजही आपल्याला पाहता येतो. पण ज्या रस्त्यानं त्या नऊवारी नेसून कॉलेजला चालत जात, तो रस्ता त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेला कुठे आहे? कॅमेरा तेव्हा जड होता, महाग होता, त्यांच्या हातात असणं शक्यच नव्हतं. त्यांच्या पदवीदानाला १८८६ मध्ये पंडिता रमाबाई इथे आल्या, जवळजवळ तीन वर्षं हा देश हिंडल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी 'युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत लिहिलं. इथली माणसं राहतात कशी, शिकतात कशी, व्यापार कसा करतात, बायकांची स्थिती काय, हे सगळं त्यात आहे. परमुलखात स्वतःपेक्षा समोरच्याकडे बघण्याची ही वाट आपल्याच एका बाईनं कधीच घालून दिली आहे. आणि आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे.

त्यामुळे, मी रस्त्यावरच्या फोटोंच्या विरुद्ध आहे अशी जी बोलवा उठली आहे ती साफ चुकीची आहे. उलट असे फोटो हवेत असं मीच गेली दोन वर्षं बैठकीत सांगत आले आहे.

आता तो वादाचा फोटो. काढणाऱ्यांचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर एक बेघर माणूस झोपलाय. उघडी पावलं कॅमेऱ्याकडे, तोंड अर्धवट उघडं, चेहरा स्पष्ट, आणि वर दुकानाच्या काचेत एका चकचकीत गाडीचं प्रतिबिंब. सकाळचं तिरपं ऊन. तंत्राच्या दृष्टीनं आलेल्या सगळ्या फोटोंत हाच सरस आहे, यावर आम्हा तिघांचं एकमत होतं. बाकी दोघं म्हणाले, पहिला नंबर. मी म्हटलं, भिंतीवरच नको.

त्यांचं म्हणणं टाकाऊ नाही, म्हणून ते आधी नीट सांगते. त्यांनी दाखला दिला जेकब रीसचा. हा डेन्मार्कहून १८७० मध्ये इथे आलेला गरीब माणूस, म्हणजे आपल्यासारखाच इमिग्रंट. पुढे न्यूयॉर्कला पोलिसांच्या बातम्या देणारा वार्ताहर झाला. मॅनहॅटनच्या कोंदट चाळींत रात्री शिरून त्यानं फोटो काढले. अंधारात फोटो काढता येऊ लागले ते १८८७ मध्ये जर्मनीत निघालेल्या फ्लॅश पावडरमुळे. (मॅग्नेशियमची पूड आणि पोटॅशियम क्लोरेट. आमच्या लॅबमध्ये ही जोडी कोणी एका कपाटात ठेवली तर सेफ्टी ऑफिसर चक्कर येऊन पडेल. त्या पावडरीनं रीसनं एकदा एका घरात आगही लावली होती.) झोपेतली माणसं दचकून उठायची आणि तोवर हा फोटो घेऊन पसार. १८९० मध्ये त्याचं पुस्तक आलं, शहरात खळबळ उडाली, आणि १९०१ च्या कायद्यानं नव्या चाळींत उजेड, हवा आणि संडास द्यावे लागले. तो दार ठोठावून परवानगी मागत बसला असता तर हे झालं असतं का, असा आमच्या दोघांचा सवाल.

दुसरा दाखला डोरोथी लँगचा. १९३६ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात निपोमो इथे, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर तिनं काढलेला त्या आईचा फोटो जगभर गेला. वर्तमानपत्रात छापून आल्यावर त्या तळावर सरकारनं धान्य पाठवलं.

मला हे दोन्ही दाखले मान्य आहेत. मात्र ते पुढेही न्यावे लागतात. लँगनं त्या बाईला नाव विचारलं नव्हतं. ती बाई म्हणजे फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे जगाला कळलं ते १९७८ मध्ये, बेचाळीस वर्षांनी. धान्य पोचेपर्यंत तिचं कुटुंब तिथून पुढे निघून गेलेलं होतं. आपला फोटो ठिकठिकाणी छापला जातो आणि आपल्या पदरात काहीच पडलं नाही याचा तिला राग होता, आणि आपण गरिबीचं चित्र म्हणून ओळखले जातो याचं वाईट वाटत होतं. रीसच्या फोटोंनी चाळी सुधारल्या हे खरं, पण त्याच पुस्तकात चिनी, इटालियन आणि ज्यू लोकांविषयी त्यानं जे लिहिलंय ते आज वाचवत नाही. आपण तेव्हा इथे असतो तर आपल्यावरही एक प्रकरण असतं, आणि ते वाचून आपल्याला काय वाटलं असतं याची कल्पना करून बघा.

शिवाय रीस आणि लँग यांना त्या फोटोंतून काहीतरी करून घ्यायचं होतं, कोणाकडून तरी. आपल्या कॅफेटेरियात तो फोटो काय करणार? लोक मसालेभाताची प्लेट हातात धरून समोर उभे राहतील, "काय लाइट पकडलाय!" म्हणतील आणि श्रीखंडाकडे वळतील. त्या झोपलेल्या माणसाच्या वाट्याला यातलं काही येत नाही. तो जागा असता तर मान वळवू शकला असता, हातानं तोंड झाकू शकला असता, शिवी देऊ शकला असता. झोपलेल्या माणसाला यातलं काहीच करता येत नाही.

यावर मला उत्तर मिळालं, "पण हे कायदेशीर आहे." आहेच. या देशात सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून जे डोळ्यांना दिसतं त्याचा फोटो काढायला परवानगी लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये फिलिप-लॉर्का डिकॉर्शिया या फोटोग्राफरनं १९९९ ते २००१ या काळात टाइम्स स्क्वेअरला दिवे लावून ठेवले आणि लांबून येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे टिपले. त्यातल्या एका सनातनी ज्यू वृद्धाला पुढे कळलं की आपला मोठा थोरला चेहरा गॅलरीत लागून हजारो डॉलर्सना विकला गेला. आपली प्रतिमा अशी करणं त्याच्या धर्मात बसत नव्हतं. तो कोर्टात गेला. २००६ मध्ये न्यायाधीशांनी निकाल फोटोग्राफरच्या बाजूनं दिला: ही कला आहे, जाहिरात नव्हे. अपिलातही काही झालं नाही. निकाल योग्यच आहे असं मला वाटतं. उलटा लागला असता तर या देशात रस्त्यावरचा एकही फोटो छापता आला नसता. पण तो म्हातारा बरोबर होता असंही मला वाटतं, आणि या दोन गोष्टी एका डोक्यात राहू शकतात.

परदेशात निघालेल्यांसाठी इथेच सांगून टाकते, कारण आपल्याला वाटतं सगळीकडे अमेरिकेसारखंच असेल. मॉन्ट्रियल न्यू जर्सीपासून सहा-सात तासांवर, पण तिथला हिशेब वेगळा. तिथे १९८७ मध्ये एका इमारतीच्या पायरीवर बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचा फोटो एकानं काढला आणि तो कलाविषयक मासिकात छापला. वर्गातल्या मुलांनी तिची चेष्टा केली. प्रकरण थेट कॅनडाच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९९८ मध्ये तिला दोन हजार डॉलर्सची भरपाई मंजूर झाली. क्वेबेकमध्ये ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय छापणं तेव्हापासून जपूनच करावं लागतं. जर्मनीत तर असा कायदा १९०७ पासून आहे. १८९८ मध्ये बिस्मार्क वारला त्या रात्री दोन फोटोग्राफर लाच देऊन त्याच्या खोलीत घुसले आणि त्यांनी प्रेताचा फोटो काढला, त्याचा हा परिणाम. जपानला क्योटोतल्या गिऑन भागात गेइशांच्या मागे पर्यटक इतके धावू लागले की २०१९ मध्ये तिथल्या रहिवाशांनी खाजगी गल्ल्यांत फोटोबंदी करून दहा हजार येन दंडाच्या पाट्या लावल्या. आणि भारतात जाताना दुबईला उतरणाऱ्यांनी तर परक्या माणसावर, त्यातून बाईवर, कॅमेरा रोखूच नये. तिथे तो सरळ गुन्हा आहे.

आता दुसरी बाजू, जी आपण घरात बोलतो पण छापत नाही. आपल्या पुरुषांच्या हातातला कॅमेरा. मी रसायनशास्त्राची, मला कारखान्यांचे उंच स्तंभ आणि नळ्यांची गुंतागुंत रात्रीच्या दिव्यांत फार देखणी वाटते. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं दुसऱ्या राज्यात एका औद्योगिक गावातून जात होतो. माझ्या हौसेखातर नवरा सार्वजनिक फुटपाथवर ट्रायपॉड लावून उभा राहिला. पाच मिनिटांत दोन सुरक्षारक्षक, मग पोलिसांची गाडी. लायसन्सचा फोटो, गाडीच्या नंबराचा फोटो, "फोटो कशासाठी?", "कुठल्या देशाचे?", पाऊण तास. तो नागरिक आहे, हे सांगूनही प्रश्न तेच. पुढच्या वर्षी त्याच रस्त्यावर तोच ट्रायपॉड लावून मी उभी राहिले, तर रक्षक हसत बाहेर आला आणि म्हणाला, पलीकडच्या कोपऱ्यावरून पाण्यात प्रतिबिंबही मिळेल. बाईच्या हातात कॅमेरा म्हणजे छंद, आणि सावळ्या, दाढीवाल्या पुरुषाच्या हातात तोच कॅमेरा म्हणजे चौकशी. २००१ नंतर असा अनुभव आपल्यापैकी कितीजणांना आला असेल ते मोजायला नको.

यावरून आपल्यातली अनुभवी मंडळी मुलांना सांगतात, "कशाला उगाच? ठेव आत कॅमेरा." मला हा सल्ला मुळीच मान्य नाही. मे २००५ मध्ये राकेश शर्मा हे भारतीय माहितीपटकार मॅनहॅटनमध्ये हातातल्या छोट्या कॅमेऱ्यानं रस्त्याचं चित्रण करत होते. पोलिसांनी त्यांना थांबवून ताब्यात घेतलं आणि चौकशी केली. शर्मा गप्प बसले नाहीत. न्यूयॉर्क सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या मदतीनं त्यांनी २००६ मध्ये खटला भरला, २००७ मध्ये तडजोड झाली, आणि २००८ मध्ये शहरानं लेखी नियम केले. त्यामुळे हातात कॅमेरा धरून फुटपाथवर चित्रण करायला न्यूयॉर्कमध्ये परवाना लागत नाही, ही गोष्ट आज कागदावर आहे. तुमचा मुलगा टाइम्स स्क्वेअरला व्हिडिओ काढतो तेव्हा तो एका भारतीय माणसाच्या हट्टाचा फायदा घेत असतो. सबवेतही २००४ मध्ये फोटोबंदीचा प्रस्ताव आला होता; लोकांनी इतका आरडाओरडा केला की २००५ मध्ये तो मागे घ्यावा लागला. ट्रायपॉड आणि जादा दिवे नसले तर सबवेत फोटो काढता येतात. फेडरल इमारतींचे बाहेरून फोटो काढू देण्याचं २०१० मध्ये सरकारनं एका खटल्यात मान्य केलं. आणि २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून, अटक केली तरी पोलिसांना वॉरंटशिवाय तुमच्या फोनमधलं बघता येत नाही. हे आपल्या मुलांना पाठ असलेलं बरं. शांत उभं राहायचं, हात दिसतील असे ठेवायचे, हुज्जत घालायची नाही, "मी जाऊ शकतो का?" एवढंच विचारायचं. मॉल, म्युझियम, ऑफिसचं आवार इथे मात्र मालकाचा शब्द चालतो. आणि लहान मुलांच्या खेळाच्या मैदानावर परक्या मुलांचे फोटो काढू नयेत, कायदा काहीही म्हणो.

म्हणजे माझा मुद्दा कायद्याचा नाहीच. कॅमेरा रोखणारे आपणच असतो असंही नाही, कधी कधी समोरचं माणूस आपल्यातलं असतं. दोन वर्षांपूर्वीच्या विसर्जनाची गोष्ट. आपल्यातल्या एका आजी मिरवणुकीत दमल्या, चपला काढून पार्किंग लॉटच्या कठड्यावर पाय चोळत बसल्या. इथल्या एका फुकट वाटल्या जाणाऱ्या साप्ताहिकाच्या फोटोग्राफरनं नेमकं तेच टिपलं आणि पुढच्या आठवड्यात अर्ध्या पानावर आजी! मुलगा भयंकर चिडला. ढोल, लेझीम, फुगड्या सगळं सोडून माझ्या आईचे पाय दिसले का याला? त्याचा राग मला समजला. आजींनी मात्र चष्मा लावून फोटो पाहिला, "साडी बरी दिसतेय" म्हणाल्या, आणि सांगलीला पाठवायला पाच प्रती मागवल्या. रागावायचं की नाही, हे ठरवायचा हक्क मुलाचा नव्हता, माझाही नव्हता. तो आजींचा होता आणि त्यांना तो मिळाला, कारण पेपर त्यांच्या हातात पडला. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या माणसाला तो कधी मिळणार?

भारतात आपण याच्या उलट टोकाला उभे असतो. गोरे पर्यटक धारावीत कॅमेरे घेऊन फिरतात म्हटलं की आपल्याला झोंबतं. तिथे पर्यटकांना फिरवून आणणारी रिअॅलिटी टूर्स ही संस्था वीसेक वर्षांपूर्वी निघाली, आणि तिचा नियम आहे की फेरीत फोटो काढायचे नाहीत. हा नियम ऐकून आपण "शाब्बास" म्हणतो. मग तोच नियम सॅन फ्रान्सिस्कोत आपल्याला का नको?

विचारून फोटो काढला की मजा जाते, माणूस ताठ होऊन उभा राहतो, अशी तक्रार असते. थोडी खरी आहे. पण प्रत्येक फोटो विचारूनच काढावा असं मी म्हणत नाही. गर्दीचा, लांबून घेतलेला, पाठमोरा, छत्र्यांचा, सावल्यांचा फोटो काढायला कोणाला विचारणार? शिकागोत नॅनी म्हणून नोकरी करणाऱ्या व्हिव्हियन मायरनं आयुष्यभर रस्त्यावर एक लाखाहून जास्त फोटो काढले, बहुतेक कोणालाही न विचारता. २००७ मध्ये भाडं थकलं म्हणून तिच्या गोदामातल्या पेट्यांचा लिलाव झाला, तेव्हा ते बाहेर आले. २००९ मध्ये ती वारली. मला त्यातली एक गोष्ट विचार करायला लावते. तिनं काढले, पण भिंतीवर लावले नाहीत, कोणाला दाखवलेही नाहीत. काढणं आणि टांगणं यांत अंतर आहे. काढायला एका सेकंदाचा शंभरावा भाग लागतो, तेवढ्यात सगळा विचार होत नाही हे मान्य. टांगायच्या आधी मात्र आपल्याकडे महिनाभर असतो.

आणि विचारण्याचीही एक रीत असते. अनोळखी शहरात पहिल्या दिवशी मी एकच कोपरा धरून अर्धा तास उभी राहते. आधी लोक बघतात, मग विसरतात. विक्रेत्याकडून आधी काहीतरी घ्यायचं, मग कॅमेरा काढायचा. तिथल्या भाषेत "काढू का?" एवढे दोन शब्द यायलाच हवेत, उच्चार जितका वाईट तितकं हसू मोठं. मॉन्ट्रियलच्या ज्याँ-तालाँ बाजारात टोमॅटो विकणाऱ्या एका बाईंना असं मोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं तर त्यांनी आधी अॅप्रन सरळ केला, मग नवऱ्याला हाक मारली, मग शेजारच्या चीजवाल्यालाही ओढून आणलं. ताठ उभे राहिलेत तिघे. फोटो काढून झाल्यावर चीजवाल्यानं काहीतरी पुटपुटलं आणि दोघं खदखदून हसली, तो दुसरा फोटो. पत्ता घेतला, घरी आल्यावर दोन्ही प्रिंट पाठवले. नाताळात कार्ड आलं. 'नाही' म्हणणारेही भेटतात, दहात तीन-चार. त्यांना मान लववायची आणि पुढे चालू लागायचं.

वादाच्या फोटोवर रविवारी बैठक आहे. मी नाही म्हणणार आहे, बाकी दोघं हो म्हणतील, म्हणजे दोनास एक मतानं तो लागेल, आणि मी ते स्वीकारीन. फक्त खाली 'माणुसकी' असं शीर्षक देण्याची जी सूचना आहे, तिला माझा शेवटपर्यंत विरोध राहील. फोटो काढणाऱ्यांचा मला फोन आला होता. चिडलेले होते, ते साहजिक आहे. त्यांच्याच लॉटमध्ये त्याच शहरातल्या एका लाँड्रोमॅटचा फोटो आहे: घड्या घालत बोलणाऱ्या दोन बायका, दोघींची नजर कॅमेऱ्याकडे, एक हसतेय. त्याला नंबर द्यायला मी एका पायावर तयार आहे. त्यांना तो साधा वाटतो.

जाता जाता एक काम. प्रदर्शनात एक भिंत जुन्या फोटोंसाठी राखली आहे. मंडळाच्या पहिल्या कुटुंबांकडून स्लाइडचे डबे जमवताना आम्हाला एक स्लाइड मिळाली. जर्सी सिटीत न्यूअर्क अॅव्हेन्यूवर एक जोडपं बाळाला घेऊन उभं आहे, फोटो अर्थातच बाळाचा. पण पडद्यावर लावल्यावर सगळे बघत होते ते मागचा रस्ता: साड्यांच्या दुकानाची हातानं रंगवलेली पाटी, भाजीच्या खोक्यांवर वाकलेली एक अनोळखी बाई, बसची वाट बघणारा एक म्हातारा. "अरे, ते दुकान!" म्हणून तिघांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाळ आता डेन्व्हरला वकील आहे, त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

अशा स्लाइड आणि प्रिंट तुमच्या बेसमेंटमध्ये असतील तर येत्या शनिवारी मराठी शाळेत आणून द्या, स्कॅन करून परत मिळतील. सत्तरच्या दशकातले रंगीत प्रिंट लालसर झाले असतील, ते त्यातला निळसर रंग अंधारातही विरत जातो म्हणून. टाकून देऊ नका, स्कॅन केल्यावर बरेच सुधारतात. कोडॅक्रोमच्या स्लाइड बहुधा ठणठणीत असतील, फक्त प्रोजेक्टरवर पुन्हा पुन्हा लावू नका, त्या दिव्यानंच त्या फिक्या होतात. पाण्यानं पुसू नका. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, अल्बमच घेऊन या. आणि निवडून आणू नका. कुटुंबातलं कोणी नीट दिसत नाही म्हणून बाजूला काढलेले असतील, ते आधी आणा.